कॉफीत रोल धुताना

कॉफीने कृष्णधवल फिल्मचा रोल धुताना, म्हणजे बाजारच्या डेव्हलपरऐवजी कॉफीच्या द्रावणाने त्यावरचं चित्र उमटवताना, सगळं लक्ष कॉफीकडे जातं, आणि रोल बिघडतो तो तिच्यासोबत पडणाऱ्या धुण्याच्या सोड्यामुळे. कॉफी कुठल्या बरणीतली, कडक की सौम्य, यावर खूप खल होतो. सोडा मात्र चमच्याने पडतो. फिकट निगेटिव्ह समोर आली की आमचा पहिला प्रश्न सोड्याबद्दलच असतो. म्हणून ही सगळी कृती घडते त्या क्रमाने सांगायची, तर सुरुवात कॅमेऱ्यापासून नव्हे, किराणा दुकानापासून करायला हवी.

त्याआधी दोन शब्द कशासाठी काय, याबद्दल. रोलवरच्या जिलेटिनमध्ये सिल्व्हर हॅलाइडचे कण असतात. ज्या कणांवर प्रकाश पडला त्यांचीच काळी चांदी करायची आणि बाकीच्यांना हात लावायचा नाही, एवढंच डेव्हलपरचं काम. हे काम करणाऱ्या क्षपणकाला अल्कली, म्हणजे इथे सोडा, लागते, नाहीतर तो हालत नाही. जिथे प्रकाश पडलेला नाही तिथेही काळेपणा चढू नये म्हणून थोडा लगाम लागतो. कॉफीत क्षपणक असतं ते कॅफेइक आम्ल आणि त्याच्याच कुळातली क्लोरोजेनिक आम्लं. कॅफीनचा यात काहीच वाटा नाही, त्यामुळे कॅफीन काढलेली कॉफीही चालते. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत स्कॉट विल्यम्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी १९९५ साली इन्स्टंट कॉफी आणि धुण्याचा सोडा एवढ्यावर फिल्म धुऊन दाखवली. या डेव्हलपरला ‘कॅफेनॉल’ म्हणतात. व्हिटॅमिन सी त्यात नंतर आलं. कॉफी एकटी मंद, व्हिटॅमिन सी एकटं मंद. दोन्ही एकत्र आली की दोघांच्या बेरजेपेक्षा जास्त काम होतं. कोडॅकने १९९६ मध्ये बाजारात आणलेला ‘एक्सटॉल’ डेव्हलपरही व्हिटॅमिन सीच्याच कुळातल्या पदार्थावर उभा आहे. तेव्हा हा प्रकार घरगुती असला तरी त्यामागचं रसायन पक्कं आहे.

आता सोडा. पाककृतीत ‘सोडियम कार्बोनेट’ म्हटलेलं असतं आणि ते कोरडं, म्हणजे निर्जल धरलेलं असतं. दुकानात ‘धुण्याचा सोडा’ मागितला की तीनपैकी काहीही हातात पडू शकतं: पांढरी कोरडी भुकटी, किंचित दमट भुकटी, किंवा काचेसारखे पारदर्शक खडे. खड्यांमध्ये सोड्याच्या एका रेणूमागे पाण्याचे दहा रेणू असतात. वजनाच्या हिशेबात खड्याच्या २८६ ग्रॅममध्ये खरा सोडा १०६ ग्रॅमच. म्हणजे निर्जल ५४ ग्रॅम हवा असेल तिथे खडे १४६ ग्रॅम लागतात. एक रेणू पाणी धरून बसलेली भुकटी असेल तर ६३ ग्रॅम. ५४ ग्रॅम खडे टाकून मोकळं झालात तर प्रत्यक्षात २० ग्रॅमच सोडा पडला, त्यातलाही बराचसा व्हिटॅमिन सीची आंबट बाजू मारण्यात खर्च झाला, आणि उरलेल्यात रोल अर्धाकच्चा राहिला. वर खडे उघडे राहिले की पाणी सोडून पांढरे भुसभुशीत होतात, आणि उन्हाळ्यात ३२–३४ अंशांना आपल्याच पाण्यात विरघळून पिशवीत चिखल होतो. एप्रिल-मे महिन्यात नागपूरच काय, पुण्यातही असा चिखल झालेला सोडा मिळतो. त्यात सोडा किती आणि पाणी किती हे डोळ्यांनी ओळखता येत नाही.

यावर आमचा उपाय एकच: सोडा कुठलाही असो, भाजून कोरडा करायचा. स्टीलच्या कढईत मध्यम आचेवर तो पसरायचा. खडे असतील तर आधी वितळतात, खदखदतात, मग घट्ट होत होत शेवटी कोरडी पांढरी भुकटी उरते. वाफ येणं थांबलं की वजन करायचं, पुन्हा दहा मिनिटं भाजायचं, पुन्हा वजन करायचं. दोन वजनं सारखी आली की झालं. ॲल्युमिनियमचं भांडं मात्र घ्यायचं नाही. गरम सोडा ॲल्युमिनियम खातो.

सोडा मिळालाच नाही तर खायच्या सोड्यापासून बनवता येतो, आणि खरं तर आम्हाला हाच मार्ग जास्त भरवशाचा वाटतो, कारण खायचा सोडा शुद्ध मिळतो आणि काम पूर्ण झालं की नाही हे वजनकाटा सांगतो. खायचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट. तो तापला की कार्बन डायऑक्साइड आणि पाणी सोडतो आणि कार्बोनेट उरतं. १०० ग्रॅम खायच्या सोड्याचे ६३ ग्रॅम झाले पाहिजेत. ओव्हन असेल तर २०० अंशांवर पसरट ताटात तासभर. नसेल तर कढईत, सतत हलवत. भाजताना भुकटी पातळ द्रवासारखी हलते, बुडबुडे येतात, तो निघणारा वायू. ७० ग्रॅमवर थांबलात तर काम अपुरं आहे. भाजलेला सोडा निवला की लगेच घट्ट झाकणाच्या बरणीत भरायचा. पावसाळ्यात तो हवेतलं पाणी पुन्हा ओढतो.

हाताशी असलेली भुकटी कुठली याची शंका आली तर हळद आहेच. पाण्यात कालवलेल्या हळदीत कागदाची पट्टी बुडवून वाळवायची आणि त्यावर सोड्याच्या पाण्याचा थेंब टाकायचा. धुण्याचा सोडा असेल तर डाग लगेच गडद लाल होतो, साबण लागलेल्या हळदीच्या कपड्यासारखा. खायचा सोडा असेल तर रंग जेमतेम नारिंगीकडे झुकतो. न भाजलेला खायचा सोडा डेव्हलपरमध्ये पडला तर रोल कोराच निघेल. कपडे धुण्याची पावडर म्हणजे सोडा नव्हे, तिच्यात फेस आणणारे आणि चमक देणारे पदार्थ असतात.

व्हिटॅमिन सी म्हणजे शुद्ध ॲस्कॉर्बिक आम्लाची भुकटी. औषधाच्या दुकानातल्या चघळायच्या नारिंगी गोळ्या नकोत. त्यांच्यात साखर, रंग, स्वाद आणि गोळी बांधणारे पदार्थ असतात; द्रावण गढूळ होतं आणि तो गाळ फिल्मवर बसतो. भुकटी हवाबंद ठेवायची. पिवळी पडू लागली की फेकायची. कॉफी इन्स्टंटच हवी, आणि डब्यावरचे घटक वाचून घ्यायची. आपल्याकडे चिकोरी मिसळलेली इन्स्टंट कॉफी सर्रास मिळते. चिकोरी ३० टक्के असेल तर कामाची कॉफी ७० टक्केच, म्हणजे ४० ग्रॅमच्या जागी ५७ ग्रॅम घालावी लागेल. त्यापेक्षा शंभर टक्के कॉफी आणावी, आणि तीही स्वस्तातली. महाग अरेबिकापेक्षा रोबस्टात क्लोरोजेनिक आम्लं जास्त असतात, आणि स्वस्त इन्स्टंटमध्ये रोबस्टाच जास्त असते. इथे चवीचा प्रश्न नाही.

एक लिटर द्रावणाचं आमचं नेहमीचं प्रमाण असं: निर्जल सोडा ५४ ग्रॅम, व्हिटॅमिन सी १६ ग्रॅम, कॉफी ४० ग्रॅम. आयएसओ म्हणजे फिल्म प्रकाशाला किती संवेदनशील आहे त्याचा आकडा; १०० आयएसओपर्यंतच्या फिल्मला हे पुरतं. ४०० आयएसओच्या फिल्मला यातच पोटॅशियम ब्रोमाइड १ ग्रॅम. तो नसेल तर सगळी फिल्म धुरकट होते, सावल्याही राखाडी येतात. हाच तो लगाम. ब्रोमाइड प्रयोगशाळेची रसायनं विकणाऱ्याकडे मिळतं. १०० मिलि पाण्यात १० ग्रॅम विरघळवून ठेवलं की पुढे थेंबांचा हिशेब राहत नाही, दर लिटरला १० मिलि मोजून घालायचं. ब्रोमाइडऐवजी आयोडीनयुक्त मीठ लिटरला १० ग्रॅम घालतात. त्याने धूसरपणा थोडा कमी होतो, पण ब्रोमाइडची सर नाही. कपाटाच्या तळाशी जुना, मुदत उलटलेला रोल सापडला, उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा एखादा ‘इंदू’ असो की दुसरा कुठला, त्याला ब्रोमाइड लागतंच.

पण लिटरभर कुणी करत नाही. ३५ मिमीच्या एका रोलला प्लॅस्टिकच्या टँकमध्ये (फिल्म धुण्याच्या, उजेड न शिरणाऱ्या डब्यात) ३०० मिलि लागतं: सोडा १६.२, व्हिटॅमिन सी ४.८, कॉफी १२ ग्रॅम, ब्रोमाइडचं पाणी ३ मिलि. १२० च्या, म्हणजे पाठीला कागद असलेल्या रुंद रोलला ५०० मिलि: सोडा २७, व्हिटॅमिन सी ८, कॉफी २० ग्रॅम, ब्रोमाइडचं पाणी ५ मिलि. ०.१ ग्रॅम दाखवणारा खिशातला छोटा काटा यासाठी घ्यावाच. कॉफीचा चमचा कधी सपाट, कधी शीग; दाणेदार कॉफीचा चमचा आणि पिठूळ कॉफीचा चमचा यांची वजनंही वेगळी. चमच्याने एखादा रोल छान निघेलही, पण पुढचा तसाच निघावा ही अपेक्षा चमच्याकडून ठेवता येत नाही.

क्रम महत्त्वाचा. आधी पाण्यात सोडा. तो थोडा थोडा टाकत ढवळायचा, एकदम ओतला तर तळाला दगड होतो. कोरडा सोडा विरघळताना पाणी गरम करतो, म्हणून पाणी थोडं गार घेऊनच सुरुवात करायची. द्रावण स्वच्छ झालं की व्हिटॅमिन सी. जरा फसफसतं, ते ओसरू द्यायचं. मग ब्रोमाइड आणि शेवटी कॉफी. घुसळायचं नाही, फेस नको. सगळं विरघळल्यावर पाच मिनिटं ठेवायचं म्हणजे बारीक बुडबुडे वर येऊन फुटतात. वास उग्र येतो, खिडकी उघडी ठेवावी. हे द्रावण टिकत नाही. अर्ध्या तासाच्या आत वापरायचं आणि एकदाच वापरायचं. भांडी स्टीलची, काचेची किंवा प्लॅस्टिकची, आणि त्यांत पुन्हा खाणंपिणं करायचं नाही.

रोल आत घालण्याआधी एक परीक्षा आम्ही कधीही चुकवत नाही. कॅसेटच्या बाहेर असलेल्या फिल्मच्या जिभेतून दोन सेंटिमीटरचा तुकडा कापायचा आणि उजेडातच या कॉफीत टाकायचा. दोन-तीन मिनिटांत तो स्पष्ट काळवंडू लागला पाहिजे आणि पूर्ण वेळात गडद काळा झाला पाहिजे. पाच मिनिटांनीही फिकट तपकिरीच राहिला तर सोडा चुकला आहे. एवढासा तुकडा अख्खा रोल वाचवतो, म्हणून हे रोलगणिक करायचं.

पाण्याचं तापमान हा आपल्याकडचा दुसरा मोठा प्रश्न. पाककृती २० अंशांसाठी आणि नळाला पाणी ३०चं. कोरड्या हवेच्या भागात माठातलं पाणी बाहेरच्या हवेपेक्षा बरंच गार असतं, तेवढ्यावर अर्धं काम होतं. कोकणात आणि मुंबईच्या दमट हवेत माठ तेवढी साथ देत नाही. आम्ही रुंद टबात पाणी घेतो आणि त्यात गोठवलेल्या पाण्याच्या एक लिटरच्या दोन बाटल्या सोडतो. डेव्हलपर, मधलं पाणी, फिक्सर (प्रकाश न पडलेले कण फिल्ममधून काढून टाकणारं द्रावण), धुवायचं पाणी, सगळ्यांची भांडी त्या टबात. बर्फ थेट डेव्हलपरमध्ये टाकला तर तो पातळ होतो. तापमापक स्वयंपाकाचा डिजिटल किंवा प्रयोगशाळेचा. तापाचा चालत नाही, तो एवढं कमी तापमान वाचतच नाही.

२० अंशांना वेळ १५ मिनिटं. २२ला साडेबारा, २४ला साडेदहा, ही आमची सुरुवातीची आकडेवारी. २४च्या वर आम्ही जात नाही. अल्कलीत जिलेटिन आधीच फुगलेलं असतं, त्यात ऊब मिळाली की इतकं मऊ होतं की नखाच्या स्पर्शानेही ओरखडा उठतो. आणि २० अंशांच्या डेव्हलपरमधून फिल्म थेट ३० अंशांच्या नळाखाली धरली तर जिलेटिनला जाळीदार सुरकुत्या पडतात. त्या नंतर जात नाहीत. सगळ्या पाण्यांत दोन-तीन अंशांपेक्षा फरक नको.

अंधारासाठी मोरी पुरते. रात्र असावी, घरातले दिवे बंद, दाराखाली टॉवेल गुंडाळून. आत पाच मिनिटं नुसतं उभं राहायचं. डोळे सरावले की कुठून उजेड येतो ते दिसतं. कुलपाच्या भोकातून आणि गीझरच्या लाल दिव्यातून हमखास. लाल बल्ब लावायचा नाही, आजची बहुतेक फिल्म लाल रंगालाही जागी असते. मोरीत अंधार होतच नसेल तर दोन जाड काळी जॅकेटं घ्यायची, एकात एक घालून चेन लावायच्या, गळा आणि खालची कड दोन-तीन घड्या घालून क्लिपांनी बंद करायची. बाह्यांच्या तोंडातून हात आत. कॅसेट, रीळ (धुताना फिल्म गुंडाळायची चक्री), टँक, झाकण आणि कात्री आधीच आत ठेवलेली. रात्रीच्या अंधाऱ्या खोलीत ही पिशवी चोख काम देते. दमट दिवसांत हात आत घामेजतात आणि प्लॅस्टिकच्या रिळावर फिल्म अडकते. रीळ हाडासारखं कोरडं हवं. फिल्मचं टोक सरळ कापून दोन्ही कोपरे किंचित गोल करायचे. अडकली तर जोर करायचा नाही. दाबलेल्या, दुमडलेल्या जागी निगेटिव्हवर चंद्रकोरीसारखा डाग उमटतो.

टँक नसला तरी अडत नाही. उजेड न शिरता द्रव ओतता यावा एवढ्यासाठीच टँक असतो. पूर्ण अंधार असेल तर दहा सेंटिमीटर व्यासाचे तीन उभे स्टीलचे डबे घ्यायचे, प्रत्येकात ५०० मिलि: डावीकडे कॉफी, मध्ये पाणी, उजवीकडे फिक्सर. सायकलच्या स्पोकला तळाशी आकडा करून त्यावर रीळ अडकवायचं आणि अंधारात एका डब्यातून दुसऱ्या डब्यात न्यायचं. जागा बदलायची नाही, डावीकडून उजवीकडे, हाताला पाठ झालं पाहिजे. कॉफीआधी फिक्सरमध्ये पडलेला रोल कायमचा कोरा होतो. मिनिटं मोजायला मोबाइल दाराबाहेर ठेवायचा, मिनिटामिनिटाला आकडा बोललेलं रेकॉर्डिंग लावून. १२० च्या रोलचा एक जुना मार्गही आहे: पाठीचा कागद काढून फिल्मच्या दोन टोकांना चिमटे लावायचे आणि परातीतल्या द्रावणातून ती झोक्यासारखी वरखाली करत राहायची, इमल्शनची, म्हणजे जिलेटिनचा थर असलेली, बाजू वर. पंधरा मिनिटं हात थांबवायचा नाही. दमणूक होते, पण निगेटिव्ह एकसारखी निघते.

टँकमध्ये ओतल्यावर पहिले तीस सेकंद सलग उलटसुलट करायचं, मग टँक दोनदा ओट्यावर ठोकायचा. रिळात अडकलेला हवेचा बुडबुडा तिथे कॉफी पोचू देत नाही आणि निगेटिव्हवर पारदर्शक गोल ठिपका राहतो. पुढे दर मिनिटाला तीनदा हळूच उलटायचं. जोरात हलवलं तर फिल्मच्या कडेच्या भोकांतून द्रव उसळतो आणि भोकांपासून आत येणारे पट्टे उमटतात. न हलवता सत्तर मिनिटं ठेवायची पातळ पाककृतीही आहे: सोडा १६, व्हिटॅमिन सी १०, कॉफी ४०, ब्रोमाइड १ ग्रॅम लिटरला. थंड हवेत ती फार सुंदर निगेटिव्ह देते. आपल्या उन्हाळ्यात सत्तर मिनिटं तापमान धरून ठेवणं अवघड, आम्ही ती डिसेंबर-जानेवारीसाठी राखून ठेवतो.

वेळ संपली की कॉफी ओतून टाकायची आणि साध्या पाण्याने टँक चार-पाच वेळा खळबळून धुवायचा, पाणी स्वच्छ निघेपर्यंत. इथे व्हिनेगरची घाई नको. फिल्ममध्ये सोडा मुरलेला असतो. तीव्र आम्ल पडलं की जिलेटिनच्या आतच वायूचे बुडबुडे सुटतात आणि टाचणीने टोचल्यासारखी भोकं पडतात. हवंच असेल तर घरचं व्हिनेगर एक भाग आणि पाणी चार भाग, तेही पाण्याने धुतल्यानंतर.

फिक्सरला पर्याय शोधायचा नाही. संपृक्त मिठाच्या पाण्यात फिल्म दिवस-दिवस ठेवून ती साफ होते असं दाखवणारे प्रयोग आहेत. होते, पण फार सावकाश, आणि नव्या फिल्म अर्धवट राहतात. हायपो स्वस्त आहे. साधा हायपो म्हणजे सोडियम थायोसल्फेटचे खडे, २५० ग्रॅम कोमट पाण्यात विरघळवून एक लिटर करायचा. कोमट अशासाठी की हायपो विरघळताना पाणी चांगलंच गार करतो. या साध्या हायपोत व्हिनेगर ओतू नये; गंधक सुटून द्रावण दुधाळ होतं आणि वाया जातं. फिक्सर चांगला आहे का हेही तुकड्यावरच पाहायचं: न धुतलेल्या फिल्मचा तुकडा टाकायचा, तो दुधाळ असतो, किती वेळात पारदर्शक होतो ते मोजायचं. त्याच्या दुप्पट वेळ रोल ठेवायचा, चपट्या कणांच्या आधुनिक फिल्मना तिप्पट. साफ व्हायला ताज्या द्रावणापेक्षा दुप्पट वेळ लागू लागला की ते फिक्सर संपलं.

शेवटचं धुणं पाणी न सांडता होतं: टँक भरून पाच वेळा उलटवायचा आणि ओतायचा, पुन्हा भरून दहा वेळा, पुन्हा वीस वेळा. साध्या हायपोनंतर आणखी दोन फेऱ्या. शेवटचं पाणी फिल्टरचं किंवा डिस्टिल्ड, त्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एकच थेंब. बोअरिंगच्या जड पाण्याचे पांढरे डाग वाळल्यावर पुसले जात नाहीत. मोरीत गरम पाणी सोडून थोडी वाफ होऊ द्यायची, तिच्याबरोबर धूळ खाली बसते, मग कपड्याच्या चिमट्याला फिल्म टांगायची, खालच्या टोकाला दुसरा चिमटा वजनाला. पंखा बंद. पावसाळ्यात पाच-सहा तास लागतात. बोट लावून पाहायचं नाही.

वाळलेली निगेटिव्ह किंचित तपकिरी दिसते, ती कॉफीची छटा. स्कॅन करताना अडचण येत नाही. एन्लार्जरखाली (निगेटिव्हवरून मोठी प्रिंट काढायच्या यंत्राखाली) मात्र बदलत्या कॉन्ट्रास्टच्या कागदावर ही छटा पिवळ्या फिल्टरसारखी वागते, प्रिंट मऊ येते आणि वेळ जास्त लागतो. त्या हिशेबाने एक पायरी कडक फिल्टर लावायचा.

चित्रांआधी फिल्मच्या कडेचे आकडे वाचायला शिकावं. ते कारखान्यात प्रकाशाने छापलेले असतात, कॅमेऱ्याशी त्यांचा संबंध नाही. आकडे फिकट आणि चित्रंही फिकट, तर धुणं कमी पडलं: सोडा, तापमान, वेळ, या क्रमाने तपासा. आकडे ठसठशीत आणि चित्रं फिकट, तर चूक कॅमेऱ्याच्या मापात. आकडे आहेत आणि चित्र एकही नाही, तर रोल कॅमेऱ्यात पुढे सरकलाच नाही. आकडेही नाहीत, तर डेव्हलपर मेलेला होता किंवा फिक्सर आधी पडला. सगळंच काळं म्हणजे उजेड शिरला. दुधाळ ठिगळं म्हणजे फिक्सर अपुरा, आणि एवढी एकच चूक दुरुस्त होते: पुन्हा फिक्सरमध्ये घालायची आणि पुन्हा धुवायची.

कॉफीच्या वासाला कंटाळलेल्यांसाठी औषधाच्या दुकानातला एक डेव्हलपर आहे, आणि तो महिनोन्‌महिने टिकतो. पॅरासिटामॉल कॉस्टिक सोड्यात तुटून पॅरा-ॲमिनोफिनॉल तयार होतं. १८९१ साली आलेल्या ‘रोडिनल’चा आधारही हाच पदार्थ. २५० मिलि तयार करायला साध्या पॅरासिटामॉलच्या ५०० मिग्रॅच्या ३० गोळ्या, किंवा ६५०च्या २३. निर्जल सोडियम सल्फाइट ५० ग्रॅम. शुद्ध कॉस्टिक सोडा २० ग्रॅम. गोळ्यांत कॅफीन किंवा दुसरं औषध मिसळलेलं नको. १५० मिलि पाण्यात कुटलेल्या गोळ्या आणि सल्फाइट घालायचं, मग कॉस्टिक चिमूट-चिमूट. कॉस्टिक पाण्यात घालायचा, कॉस्टिकवर पाणी कधीही ओतायचं नाही. द्रावण तापतं, अंगावर उडालं तर भाजतं, डोळ्यांत गेलं तर दृष्टी जाऊ शकते. चष्मा, हातमोजे आणि मोकळी हवा याशिवाय हे करूच नये. ॲल्युमिनियम नको, आणि नाला साफ करायची पावडरही नको, तिच्यात इतर जिन्नस असतात. निवल्यावर २५० मिलि करून तीन दिवस ठेवायचं. तळाशी गोळ्यांचा पिष्टमय गाळ बसतो. तो न हलवता वरचं द्रावण काढायचं आणि छोट्या बाटल्यांत गळ्यापर्यंत भरायचं. रंग गडद होत जातो, काम चालू राहतं. ३०० मिलि पाण्यात ६ मिलि. ४०० आयएसओच्या एचपी-५ प्लसला २० अंशांना ११ मिनिटांपासून सुरुवात करायची. बाटलीवर ‘विष’ असं ठळक लिहून ती कुलपात ठेवायची, औषधाच्या कपाटात मुळीच नाही.

कॉफीची जागा दुसरी कुठलीही फिनॉलयुक्त वनस्पती घेऊ शकते. कडक उकळलेला चहा घेतो, वेळ जास्त लागते. आम्हाला कुतूहल आहे ते हिरड्याचं. फोटोग्राफीच्या आद्य संशोधकांपैकी टॅल्बटने १८४१ च्या कॅलोटाइपमध्ये, म्हणजे कागदी निगेटिव्हच्या पद्धतीत, गॅलिक आम्ल वापरलं होतं, आणि जुन्नर-आंबेगावच्या डोंगरात गोळा होणारा हिरडा गॅलिक आम्लाने आणि टॅनिनने भरलेला असतो. हिरडा आणि हिराकस (लोखंडाचा क्षार) मिळून काळी शाई होते हे जुन्या लेखनिकांना माहीत होतं. त्याच कारणाने हिरड्याचा काढा लोखंडी भांड्यात करायचा नाही, काढ्याचीच शाई होईल. सोडा आणि व्हिटॅमिन सी तेवढंच ठेवायचं, कॉफीऐवजी गाळलेला काढा, आणि वेळ पट्ट्यांवरून ठरवायची: एकाच दृश्याने भरलेल्या रोलचे अंधारात हातभराचे तुकडे करायचे आणि १०, १५, २० मिनिटं असे वेगवेगळे धुवायचे. नवी वनस्पती कधीही महत्त्वाच्या रोलवर पहिल्यांदा वापरू नये.

वापरलेली कॉफी मोरीत ओतली तरी चालते. फिक्सर नाही, त्यात फिल्ममधली चांदी उतरलेली असते. आम्ही ते प्लॅस्टिकच्या बरणीत साठवतो आणि त्यात साध्या लोखंडाची बारीक तारेची लोकर सोडतो. स्टेनलेस स्टीलची घासणी उपयोगाची नाही, गंजणारं लोखंडच हवं. लोखंड द्रावणात जातं, चांदी काळपट गाळ होऊन खाली बसते. आठवडाभराने वरचं द्रावण वेगळं करायचं आणि गाळ वाळवून बाटलीत भरून ठेवायचा.